पन्नास अक्षरांनंतर

क्लासच्या पहिल्याच दिवशी त्याच्या छत्रीचं पाणी तिच्या कीबोर्डवर ठिबकलं आणि ती कडाडली, "अहो, छत्री आहे की नळ?"

तो घड्याळं दुरुस्त करणारा. हल्ली दुकानात माशा मारत बसलेला. ती आत्याच्या दुकानात कपडे शिवणारी. जिभेला धार, म्हणून सगळे तिला कात्रीच म्हणत. वेबसाइट बनवायला शिकायचं ते दोघांनाही पोटासाठी. हौस परवडणाऱ्यांच्या प्रेमकथा वेगळ्या असतात.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं — स्ट्रिंग. "म्हणजे अक्षरांची माळ. मोजता येते, जोडता येते, हवी तिथे कापता येते."

"कापायचं काम माझं," ती पुटपुटली.

"मग जोडायचं माझं..." तो म्हणाला आणि लगेच खाली बघू लागला.

तो असाच. अर्धं बोलायचा, अर्धं गिळायचा. तिचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यानं न विचारता चालू करून दिलं. एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत जाताना स्वतःचा खांदा भिजू दिला. पण बोलायची वेळ आली की —

"मला ना... तुला..."

"बोल की पुढे! तोंडात गूळ धरलायस का?"

"काही नाही. बस आली."

मग मॅडमनी काम दिलं. पानावर एक चौकट करायची, शेजाऱ्यानं तिच्यात संदेश लिहायचा. यादीत संदेशाची पहिली पन्नास अक्षरं दाखवायची, पुढे तीन टिंबं. तिनं सगळ्यांच्या आधी करून दाखवलं. गुरुवारी तो तिच्या चौकटीत बराच वेळ लिहीत राहिला. कान लालबुंद.

"आत्ता नको ना वाचूस. घरी वाच."

घरी तिनं संदेश उघडला.

'शनिवारी परगावच्या नोकरीवर रुजू होतोय. पण तू मला जर...'

बस. एवढंच. पुन्हा टिंबं! ती तळपायापासून पेटली. जाताना तरी वाक्य पुरं करावं माणसानं!

शुक्रवारी त्यानं तिला जिन्यात गाठलं. "वाचलंस?"

"वाचलं."

"मग...?"

"मग काय? जा! अर्धवट माणसांचा वीट आलाय मला."

त्याचा चेहरा विझला. "बरं. जातो मी," तो म्हणाला. पहिल्यांदाच टिंबं न लावता.

सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी. मॅडमनी तिचं काम तपासलं. "पूर्ण संदेश कुठाय?"

"एवढाच लिहिला त्यानं."

"छे गं! ही टिंबं तुझ्या कोडनं लावलीत. दाखवताना कापायचं असतं, साठवताना नाही. तू आधी कापलंस, मग ठेवलंस. पुढचं सगळं गेलं."

कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मापणारी ती. शिलाईत दोन बोटं कापड सोडणारी. आणि इथे...

जिन्यात पावसाचं पाणी आत येत होतं. तिथेच उभं राहून तिनं त्याला फोन लावला.

"'तू मला जर' — पुढे काय होतं? माझ्याच चुकीनं कापलं गेलं रे. मी वाचलंच नाही."



"आता काय उपयोग? दोन वर्षं सोडणार नाही असं लिहून दिलंय इथे."

"नसू दे उपयोग. सांग."

"...तू मला जर थांब म्हणालीस, तर जाणार नाही. असं होतं. माझा जीव जडलाय तुझ्यावर."

"गधड्या, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तू बोलू देशील तर ना."

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं, धारदार. तिनं ते गिळलं.

"बोल," ती म्हणाली. "ऐकतेय."

तो बोलला. अडखळत, थांबत, भाड्याच्या खोलीतल्या एकुलत्या खुर्चीबद्दल, पहिल्या दिवसाच्या छत्रीबद्दल, दोन वर्षं किती लांब असतात त्याबद्दल. ती एकदाही मध्ये बोलली नाही. चप्पल भिजली, क्लास सुटला, लोक धक्के देत उतरून गेले.

इतकी शांतता त्याला सवयीची नव्हती. शेवटी तो घाबरून म्हणाला, "आहेस ना गं...?"

"आहे," ती म्हणाली. "दोन वर्षंही असेन."