आत्याच्या पोटी

"स्पष्टच बोलते, ताई… तुमच्या पोटात असतानाच काहीतरी बिघडलं असणार!"

सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या ऐसपैस दिवाणखान्यात मैत्रेयी नणंदेला, यामिनीला म्हणाली. मैत्रेयीची लेक यशश्री हिंदी शाळेत चौथीत होती. 'घर' लिहायला जायची आणि कागदावर 'धर' उमटायचं, 'भ'चा 'म' व्हायचा, वाचायला उभं केलं की ओठ नुसते थरथरायचे… आज शाळेने आईवडिलांना बोलावून सांगितलं होतं की पोरीचं असंच राहिलं तर पुढच्या वर्गात घालता येणार नाही.

यामिनीने धाकट्या भावाकडे पाहिलं. श्रीरंगची मान खाली गेली होती.

"मैत्रेयी, असं काहून बोलून राहिली तू?" ती कशीबशी म्हणाली.

"मग काय बोलू? माझ्या माहेरी कोणाला असं नाही, ह्यांच्याकडे नाही. आठव्या महिन्यात झाली पोर… तुम्ही शेवटपर्यंत घरची कामं करत होत्या, ऐकलं कोणाचं? थोडे दिवस येऊ नका, ताई. प्लीज."

यामिनी उठली. गढा वस्तीतल्या आपल्या घरापर्यंत ऑटोत बसून आली, पण वाटेत काय दिसलं ते तिला सांगता आलं नसतं!

मैत्रेयीची कूस तीनदा रिती झाली, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा यामिनीच आपणहून म्हणाली होती, "मी वाढवते तुमचं बाळ." अंकुर त्या दोघांचा, उदर तिचं. नवऱ्याने, शैलेंद्रने, रिछाईच्या कारखान्यातून आल्यावर गल्लीतली कुजबुज मुकाट्याने सोसली. तिची स्वतःची लेक शाळेत मुलांनी चिडवलं म्हणून रडत आली. पण यामिनी पोटावर हात ठेवून त्या जिवाशी बोलत राहिली… बाळ लवकर आलं, काचेच्या पेटीत राहिलं, यामिनीच्या दुधावर तगलं. आणि मग एक दिवस मैत्रेयी हळूच म्हणाली, "ताई, आता तिला माझी सवय होऊ द्या ना…" यामिनीने घट्ट फडक्याने छाती बांधून घेतली, तापाने फणफणली, पण तक्रार केली नाही. पोर पालथी पडली, बसली, उशिरा का होईना चालली, बोलली, दुधाचे दात पडले… सगळं तिने पाहुणीसारखं पाहिलं. ती आत्या होती, आत्याच राहिली!

आणि आज हे?

तिला तोंड उघडता आलं असतं. लहानपणी श्रीरंगलाही अक्षरं अशीच फसवायची. धडा यामिनीने मोठ्याने वाचायचा आणि त्याने ऐकून पाठ करायचा, असाच तो शिकत गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने तिचे हात धरले होते… "ताई, तिला सांगू नको. तिच्या नजरेतून उतरेन मी." आज तो केंद्र सरकारच्या कार्यालयात अधिकारी होता, आणि अजूनही चष्मा विसरल्याचं निमित्त करून कागद दुसऱ्याकडून वाचून घेत होता. भावाची लाज झाकायची तर दोष आपल्या उदरावर घ्यायचा… यामिनीने तो घेतला. शैलेंद्रलाही काही सांगितलं नाही.

भाऊबीजेला तिने पाट मांडला. दुपार टळली. भाऊ येत नाही म्हणून ती पाट उचलायला वाकली, तोच दारात मैत्रेयी उभी दिसली. मागे श्रीरंग, त्याच्या हाताला यशश्री.

"ताई…" मैत्रेयी उंबऱ्यातच थांबली. "काल डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का? हे 'नाही' म्हणाले. घरी आल्यावर ही पोरगी ह्यांना बिलगून रडू लागली. म्हणाली, 'पापा, मैं आत्या के पेट में खराब हो गई थी क्या?'"

पोरीने ते ऐकलं होतं!

"मग मी सांगितलं, ताई," श्रीरंग पुढे आला. "सगळं. तू बोलणं खाऊन राहिली माझ्यासाठी, आणि मी बसून पाहत राहिलो… लहान होऊन गेलो मी आज."

यामिनीने यशश्रीला जवळ ओढलं. मग मैत्रेयीकडे पाहत शांतपणे म्हणाली, "माझं पोट खराब नव्हतं, मैत्रेयी."

"माहीत आहे हो! बोलले तेव्हाही माहीत होतं!" मैत्रेयी पाटाजवळच कोसळली. "मला सहन होत नव्हतं… माझी लेक तुमच्या आत हलायची, आणि मी बाहेर फळं घेऊन उभी! म्हणून तर कधी विचारलंच नाही, ती कशी होती तेव्हा. मला काहीच माहीत नाही, ताई… सांगाल?"

झालेला घाव एवढ्याने भरणार नव्हता, हे यामिनीला कळत होतं. पण समोर बसलेली बाई आपल्याच लेकराची पहिली खबर मागत होती…

"कुकरची शिटी झाली की दचकायची," ती हळूच म्हणाली.

"मैं?" यशश्रीने डोळे मोठे केले.

"तूच! अन् झोपायच्या वेळेस लाथा." तिने मैत्रेयीचा हात हाती घेतला आणि आपल्या पोटावर, डाव्या बाजूला ठेवला. "इथं, बघ… इथं मारायची."

त्या सगळ्या महिन्यांत मैत्रेयीने एकदाही तिथे हात ठेवला नव्हता. आता तो तिला उचलवेना.