दुसरी हाक

कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांना मी कायम हसत आलो. आयुष्यभर खरी विमानं चालवलेल्या माणसाला टेबलावरची ती काडी हलवणं म्हणजे पोरखेळच वाटणार. ब्लडप्रेशरने मला जमिनीवर बसवलं, पार्ल्याची जागा सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याच्या बाजूला राहायला आलो, तेव्हाही माझ्या मुलाच्या, नीरजच्या, जॉयस्टिकला मी खेळणंच म्हणायचो. २००७ च्या हिवाळ्यात मात्र त्याच खेळण्यासमोर मी रोज दुपारी खुर्ची टाकून बसू लागलो.

कारण विमान कंपनीत को-पायलट असलेला नीरज सिम्युलेटर परीक्षेत नापास झाला होता. हात चांगला होता त्याचा, बाप म्हणून सांगत नाही. पण निर्णयाच्या क्षणी गप्प व्हायचा. हॉटेलात मेनूकार्ड घेऊन बसला की वेटर येऊन कंटाळून परत जायचा, तसाच हा कॉकपिटमध्ये. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की नोकरी गेली, आणि अशा काढलेल्या को-पायलटला दुसरीकडे कोणी उभं करत नाही.

तेव्हा खेळण्याला मी शिस्त लावली. उजव्या खुर्चीत तो, विमान चालवणारा. डावीकडे मी, नजर ठेवणारा. चेकलिस्ट मी वाचायची, उत्तर त्याने द्यायचं. धुक्यात उतरताना एक ठरलेली उंची आली की मी ‘मिनिमम्स’ म्हणायचं. धावपट्टी दिसत असेल तर त्याने ‘लँडिंग’ म्हणायचं, नसेल तर ‘गो अराउंड’ म्हणून विमान पुन्हा वर न्यायचं.

“आणि मी काहीच बोललो नाही तर?” उत्तर माहीत असून त्याने विचारलं.

“तर मी दुसऱ्यांदा हाक देणार. तरी गप्प राहिलास, तर तू संपलास असं धरून, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान माझ्या हातात घेणार. तिसरी हाक नसते, नीरज. आणि मी आपणहून देईपर्यंत कंट्रोल तुला परत मिळत नाही.”

खिडकीबाहेर मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, त्यापलीकडे खाडी. स्क्रीनवरच्या मुंबईत विमानतळ होता, रस्ते होते, पण आमच्या भागात नुसती तपकिरी जमीन. “बाबा, आपली बिल्डिंगच नाहीये यात,” तो हसून म्हणाला. मीही हसलो.

एका दुपारी मी प्रेशर तपासून, स्टेशनजवळून भाजी घेऊन घरी आलो. आतून नीरजचा आवाज येत होता. “सेट.” मग जरा थांबून, “डाऊन.” पुन्हा थांबून, “चेक्ड.” मधली शांतता अगदी मापात होती, शेजारचा माणूस पुढची ओळ वाचतोय तेवढीच. माझी बायको शुभदा स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली.

“तुम्ही बाहेर होतात? अहो, मग आत कोण वाचतंय मघापासून?”

आत नीरज एकटाच होता. कानाला हेडफोन, नजर स्क्रीनवर. “छान वाचलंत आज,” तो मागे न वळता म्हणाला. “अजिबात घाई केली नाहीत.”

मी आत्ता येतोय म्हटल्यावर तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची परीक्षा घेतोय. मी शुभदाला सांगितलं की शेजारच्या पटेलांचा टीव्ही असेल, आणि पोरगा दमलाय. दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, हे मी आकाशात पुष्कळदा पाहिलंय.

पण माझ्या खुर्चीचं काय करायचं ते कळेना. मी उंच माणूस. खुर्ची खाली करून, टेबलापासून मागे ओढून बसतो. दुसऱ्या दिवशी ती वर चढवलेली आणि पुढे सरकवलेली होती, माझे गुडघे टेबलाला आपटले. मी ती जुळवून घेतली. पुढच्या दुपारी ती पुन्हा वर. शुभदाने हात लावला नव्हता, नीरजनेही नाही. कॉकपिटमध्ये शिरल्यावर पायलट सर्वांत आधी आपली खुर्ची जुळवतो. हा विचार मी कोणाला बोलून दाखवला नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी मुद्दाम दाट धुकं लावलं. विमान खाली येत होतं. स्क्रीन दुधासारखी पांढरी. नीरजच्या कपाळावर घाम आला होता.

“मिनिमम्स,” मी म्हणालो.

तो गप्प.

धावपट्टी दिसत नव्हती. दुसरी हाक द्यायला मी श्वास घेतला.

“मिनिमम्स.”

मी अजून बोललो नव्हतो.

नीरजचे ओठ मिटलेले होते. मग ते उघडले, आणि तो अत्यंत थंडपणे म्हणाला, “आय हॅव कंट्रोल.”

इंजिनांचा आवाज चढला. विमान सरळ वर गेलं. असा सफाईदार गो अराउंड मलाही कधी जमला नव्हता. मी खूश झालो, हे खरं आहे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याने वळून पाहिलं नाही. हात खाली नेऊन आपली खुर्ची वर चढवली आणि पुढे ओढली.

तो पास झाला. परीक्षकांनी मला फोन करून त्याचं कौतुक केलं. शुभदाने सोसायटीत पेढे वाटले. आता तो कशालाच अडखळत नाही, हॉटेलात मेनूकार्ड उघडतही नाही. एकदा गॅलरीत उभा राहून खालच्या बिल्डिंगींकडे बघत म्हणाला, “इथे तर काहीच नव्हतं.” आम्ही येण्यापूर्वीचं बोलत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शुभदा हल्ली त्याच्याशी कमी बोलते. काल ताट वाढताना मला हळूच म्हणाली, “माझा नीरज असा जेवत नाही हो.”

कॉम्प्युटरची आता गरज नाही, देऊन टाका, असं तो म्हणाला. म्हणून आज दुपारी मी सगळ्या वायरी काढल्या. हेडफोनची वायर मनगटाभोवती गुंडाळत होतो. तिचं दुसरं टोक मोकळं लोंबत होतं.

“बाबा?”

आवाज हेडफोनमधून आला. बारीक, बिचकलेला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी मला शोधताना तो असाच हाक मारायचा. माझं पोर होतं ते. मला शंभर टक्के माहीत होतं.

“बाबा?”

मी तोंड उघडलं. शब्द फुटला नाही.

मी हेडफोन कानाशी धरला. तिसरी हाक आली नाही.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“बाबा,” नीरजने तिथूनच शांतपणे विचारलं, “कोणी हाक मारली का?”