जांभ्याच्या पायऱ्या

जानेवारीत कांद्याची खुरपणी उरकली आणि बोरी बुद्रुकच्या बचत गटातल्या बारा बायका गोव्याला निघाल्या. गावात त्यावरून पुष्कळ हसणं झालं. गोवा म्हटलं की बाप्यांना समुद्र आणि बाटली एवढंच आठवतं. पण बायकांनी आधीच ठरवून टाकलं होतं, की चर्च बघायची, देवळं बघायची आणि समुद्र मग वेळ उरला तर. नारायणगावच्या गोरक्षची टेम्पो ट्रॅव्हलर बोलावली. त्याच्या गोव्याला वर्षाकाठी दहा-बारा फेऱ्या व्हायच्या, त्यामुळे वेगळा वाटाड्या घ्यायची गरज नव्हती.

रोहिणी गटाची सचिव. नारायणगावात माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं कामाला होती. जुन्नर आणि आंबेगावातल्या जवळपास प्रत्येक गावची माती तिच्या हाताखालून गेली होती. दिसेल ते मोजायचं आणि मोजलं तेवढंच खरं मानायचं, असा तिचा स्वभाव. तिची सासू तानूबाई अगदी उलट. समोर आलेल्या प्रत्येक माणसाला ती गाव विचारायची, घरात कोण कोण असतं ते विचारायची आणि निघताना आपल्याकडे यायचं आवतण द्यायची. रोहिणी तिला आत्या म्हणायची. दोघींचं चांगलं जमायचं.

जुन्या गोव्यातल्या त्या उंचच उंच चर्चमध्ये तानूबाईनं आधी झाडणाऱ्या बाईची चौकशी केली. मग चांदीच्या पेटीत ठेवलेल्या साधूपाशी ती बराच वेळ थांबली. ह्यांचं गाव कुठलं, असं तिनं गोरक्षला विचारलं. गोरक्ष म्हणाला, लांब, समुद्रापलीकडे.

"मंग घरच्यांनी परत न्हेलं न्हाई?" तानूबाई म्हणाली. तिनं हात जोडले आणि ती पुढं सरकली.

दुसऱ्या दिवशी फोंड्याकडची देवळं झाली. दीपमाळा, तळी, गुळगुळीत फरश्या. गोरक्षनं सांगितलं, की हे देव मूळचे इथले नाहीत. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी आपापले देव उचलले आणि होडीतून नदीपार आणले. रिकाम्या झालेल्या जागांवर पुढं कुठं चर्च उभं राहिलं, कुठं नुसता क्रूस.

"म्हंजे हे देवीचं सासर," तानूबाई म्हणाली. "माह्यार कुठंय तिचं? ते बघू की."

बायका हसल्या, पण गोरक्षला ते आवडलं. परतताना जुवारी नदी ओलांडल्यावर त्यानं गाडी एका आडवाटेला घातली. त्याच्या ओळखीची एक जुनी जागा दाखवायची होती, पण वाट चुकली आणि गाडी भलत्याच झाडीत जाऊन थांबली. तिथं जांभ्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरत होत्या. लाल, शेवाळलेल्या, सात. पाचवीचा उजवा कोपरा फुटलेला. खाली पाचोळा साचला होता आणि बाकी काहीच नव्हतं. देऊळ नाही, क्रूस नाही.

जवळच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि गोरक्षशी कोकणीत काहीतरी बोलली. त्यानं ते पुढं सांगितलं, पण जरा चाचरत. ह्या बाजूचे सगळे देव लोकांनी नदीपार नेले. ह्याला मात्र कुणी नेलं नाही. आणि पाद्र्यांनीही इथं काही बांधलं नाही. तुम्ही आता निघा, असं ती म्हणत्येय.

तोवर तानूबाई सातव्या पायरीवर जाऊन बसली होती. तिचा गुडघा दुखरा. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय तिला एक पायरी चढता यायची नाही. रोहिणीनं तिचा फोटो काढला आणि तिला उठवलं. वर आल्यावर तानूबाई वळली आणि कुणाच्याही दारातून निघताना म्हणायची तसं त्या पाचोळ्याकडे बघत म्हणाली, "येतो मंग आमी. या आमच्याकडं, बोरीला."

म्हातारी घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

*

मार्चमध्ये रोहिणीच्या नवऱ्यानं, सुभाषनं, नव्या घराचा पाया खणायला काढला. जुन्या घरामागं, कुकडी नदीच्या बाजूला, मोकळी जागा होती. सावळारामचा जेसीबी सकाळी आठला आला. दहा वाजता सुभाषचा प्रयोगशाळेत फोन आला. खाली दगड लागला होता, आणि सावळाराम म्हणत होता की हा आपल्याकडचा दगड नाही.

रोहिणी दुपारी घरी आली. वर चार फूट काळी माती, खाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळी माती, आणि त्याखाली मुरूम लागायला हवा तिथं लाल जांभा. साफ घडवलेला, काटकोनात. तिनं खाली उतरून हात लावला. मार्चच्या उन्हात दगड गार होता आणि त्यावर ओलं शेवाळ होतं.

जांभा घाटाखाली मिळतो. बोरीत मिळत नाही. पूर्वी कुणीतरी आणून पुरला असेल, असं तिनं आधी धरलं. बोरीत लांबून आलेल्या गोष्टी सापडतातच. नदीकाठच्या पांढऱ्या राखेचा थर बघायला पुण्याच्या कॉलेजांतली मुलं दरवर्षी येतात, आणि ती राख म्हणे समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची. पण पुरायचं म्हटलं तर वरची माती उकरावी लागते. खड्ड्याच्या भिंतीत चुनखडीची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती. त्या मातीला हजारो वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

तिनं दगडाला चिकटलेली चिमूटभर माती पिशवीत घेतली आणि दुसऱ्या दिवशी तपासली. सामू पाच निघाला, म्हणजे आंबट माती. बोरीच्या मातीचा सामू आठाच्या खाली कधी येत नाही. तिनं यंत्र पुसून पुन्हा तपासलं. पाचच.

संध्याकाळपर्यंत सावळारामनं सात पायऱ्या मोकळ्या केल्या होत्या. पाचवीचा उजवा कोपरा फुटलेला होता.

रोहिणीनं मोबाइलमधला गोव्याचा फोटो उघडून सुभाषला दाखवला. तो बराच वेळ फोटो बघत राहिला, मग खड्डा बघत राहिला. सावळारामनं मशीन मागं घेतलं. घाम आला नव्हता तरी तो तोंड पुसत होता.

सासरे ज्योतिबा संध्याकाळी मेंढरं घेऊन आले. घराण्यात धनगरकी होती, आणि तीस-पस्तीस मेंढरं ते अजून सांभाळत. रोजची वाट त्या खड्ड्याच्या कडेनंच होती. मेंढरं तिथं येऊन थांबली आणि मागं फिरली. ज्योतिबांनी मूठभर भंडारा आणला, कडेला उभे राहिले आणि मूठ तशीच बंद ठेवून परत आले.

"नाव ठावं न्हाई," ते म्हणाले. "भंडारा टाकायचा तर कुणाच्या नावानं टाकू?"

सुभाषनं खड्डा बुजवायचं ठरवलं. सहा ट्रॉल्या मुरूम टाकला, पाणी मारलं, वरून ट्रॅक्टर फिरवला. सकाळी मुरूम खाली बसलेला होता, आणि पायऱ्या-पायऱ्यांनीच बसलेला होता. अंथरुणावर चादर टाकली की खालच्या माणसाचा आकार दिसतो, तसा. आणखी चार ट्रॉल्या टाकल्या. तेही तसंच बसलं.

रोहिणीनं गोरक्षला फोन केला. तो पुढच्या फेरीला निघालाच होता. जमलं तर त्या जागी डोकावून ये, असं तिनं सांगितलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. जागा सापडली होती. म्हातारीचं घर होतं, झाडी होती.

"पायऱ्या न्हाईत, ताई," तो म्हणाला. "तिथं आता काळी माती हाये. आपल्यासारखी, भेगाळलेली. आजूबाजूला सगळं लाल आन् मधी तेवढाच तुकडा काळा. म्हातारी मला बघून हासत व्हती. लई दिवसांनी झोप लागली, म्हनली."

हे रोहिणीनं फक्त सुभाषला सांगितलं. तानूबाईला सांगितलं नाही.

तानूबाई आताशा दुपारची तिकडे जाऊन बसायची. घरात उकडतं, तिथं गारवा आहे, म्हणायची. घरी कुणी मुक्कामाला आलं असावं, अशा सुरात सांगायची की पाव्हण्याला एकटं सोडू नये. रोहिणीनं समजावलं, सुभाषनं दरडावलं. ती हो म्हणायची. संध्याकाळी तिच्या तळव्यांना लाल माती असायची.

*

एप्रिलातला एक रविवार. सुभाष सिमेंट आणायला नारायणगावला गेला होता, ज्योतिबा मेंढरं घेऊन येडगावच्या बाजूला. रोहिणी कांदा काटून एक वाजता घरी आली. भाकरी झाकून ठेवलेली होती. तानूबाई नव्हती.

तिच्या चपला खड्ड्याच्या कडेला होत्या, शेजारी शेजारी.

मुरूम नव्हता. दहा ट्रॉल्या मुरूम टाकलेला, त्यातला एक खडा नव्हता. पायऱ्या धुतल्यासारख्या लाल दिसत होत्या.

रोहिणीनं हाक मारली. खालून बोलण्याचा आवाज येत होता, हलका. ती उतरू लागली, आणि सवयीनं मोजू लागली. पाच. सहा. सात.

आठ.

तिनं वर बघितलं. आभाळाचा चौकोन होता, ऊन होतं, कडुनिंबाची एक फांदी होती. कुठंतरी दूर विहिरीवरची मोटर चालू होती. ती पुढं उतरली. नऊ. दहा. ओल्या पाचोळ्याचा वास आला. हवेत मीठ होतं.

बाराव्या पायरीवर तानूबाई पाठमोरी बसली होती. तिच्यासमोर जांभ्याची भिंत आणि भिंतीत एक देवळी. देवळी रिकामी.

तानूबाई चौकशी करत होती.

"भाऊ किती म्हनलास?" ती विचारत होती. मग थांबली. मान हलवली. "हं. आन् ते समदे पल्याड गेले?"

थांबली.

"हं."

रोहिणीला दुसरा आवाज आला नाही. पण तानूबाई जेवढं थांबत होती तेवढा वेळ मोटरचाही आवाज येत नव्हता.

"मंग तुला कुणीच न्हेलं न्हाई?"

या वेळी ती खूप वेळ थांबली. रोहिणीच्या कानात दडे बसले, घाट उतरताना बसतात तसे.

"आसं कसं केलं रं तुज्या मान्सांनी," तानूबाई म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरचं वाईट वाटणं होतं. तिनं पदर सावरला आणि पायरीवर थोडी बाजूला सरकली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

"बस माज्यापाशी."

रोहिणीनं दोन पायऱ्या एकदम उतरून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या. चला वर. जेवायचंय."

तानूबाईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि रोहिणीच्या पुढं चढू लागली.

गुडघ्यावर हात न ठेवता.

रोहिणी मागून मोजत आली. सातच भरल्या. वर पोचून तिनं वळून बघितलं तेव्हा सातव्या पायरीच्या खाली मुरूम होता, कोरडा, दाबून बसवलेला.

*

दुसऱ्या सकाळी पायऱ्याही नव्हत्या. सावळाराम आधी यायला तयार नव्हता, पण सुभाषनं त्याला जाऊन आणलं. आठ फुटांपर्यंत खणलं. काळी माती, चुनखडी, पिवळा मुरूम. लाल असं काहीच लागलं नाही. सुभाष कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणून त्यानं पायाभरणीचा मुहूर्त आखितीचा, अक्षय तृतीयेचा, धरला.

तानूबाईची तब्येत उत्तम होती. गुडघा दुखत नव्हता. जेवण मात्र अगदी थोडं, आणि बोलणं त्याहून थोडं. दारावर कुणी आलं तर ती गाव विचारायची नाही. जाताना या म्हणायची नाही. बहुतेक वेळ ओसरीवर पूर्वेकडे तोंड करून बसायची, ताठ, पापणीही फारशी न हलवता. रोहिणीनं तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, दाब तपासला, आणि ह्या वयात इतकी चांगली नाडी बघितली नाही म्हणाले.

ज्योतिबा आता बाहेर मेंढरांपाशीच झोपत. एकदा रोहिणी त्यांना तिथं चहा द्यायला गेली तेव्हा ते तिच्याकडे न बघता बोलले.

"रोहिणी, ती मला वळखती. पन लई लांबनं बघती."

रोहिणीला ते कळलं. तिलाही सासूची आठवण यायची, आणि सासू ओसरीवरच असायची.

आखितीच्या दिवशी कडुनिंबाखाली मांडव घातला. गुरुजींनी पूजा सांगितली, सुभाषनं पहिला दगड बसवला. गटातल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला आल्या. तानूबाई मांडवात पाटावर बसली होती. कुणी तिला मधोमध बसायला सांगितलं नव्हतं, पण ती मधोमध होती.

साळुबाई पुढं झाली. ती तानूबाईच्याच वयाची, तीस वर्षांपासूनची शेजारीण. एकमेकींच्या पाया पडायचा प्रश्नच नव्हता. तिनं वाकून तानूबाईच्या पायांवर डोकं टेकलं, आणि आणलेला नारळ ओटीत न घालता पुढ्यात जमिनीवर ठेवला. मग ती उठली आणि पाठ न फिरवता, हात जोडून, एकेक पाऊल मागं टाकत मांडवाबाहेर गेली. गाभाऱ्यातून निघतात तशी.

तिच्यामागून झुंबरबाई. मग मोहिनी. मग पोरीबाळी. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. नारळांची रांग लागली. तानूबाई समोर बघत होती.

हे काय चाललंय, असं रोहिणीला मोठ्यानं विचारायचं होतं. त्याऐवजी ती सासूसाठी आणलेला पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवून घरात निघाली. अंगण संपलं, सावली आली. नारळ, बायका, मांडव, पाटावरची तानूबाई, सगळं तिच्या डोळ्यांसमोर लहान लहान होत होतं. आणि तिची टाच मागं उंबरा चाचपत होती.