चेहरा दिसतोय का?

सानवी, तो फ्लॅश बंद कर आधी. डोळे दिपतात गं. आणि रणवीर, तूही ये इकडे, कठड्यावरून उतर. फोटोंवरूनच आठवलं म्हणून सांगतो.

माझ्याबरोबर रिफायनरीत जयसिंगराव होते. त्यांची धाकटी मुलगी भक्ती. ती घरांचे फोटो काढून देते. कोणाला घर भाड्यानं द्यायचं असलं, विकायचं असलं, की भक्तीला बोलावतात. मोठा कॅमेरा वगैरे काही नाही, साधा फोन. पण तिनं काढलेल्या फोटोत दहा बाय दहाची खोलीसुद्धा हवेशीर वाटते. मी विचारलं तर म्हणाली, "काका, जादू नाही. लेन्स पुसायची, कोपऱ्यात उभं राहायचं, फोन छातीपाशी सरळ धरायचा आणि हात हलू द्यायचा नाही."

मागच्या वर्षीची गोष्ट. तेरा जानेवारी, उत्तरायणाची, आपल्या संक्रांतीची, आदली रात्र. साडेआठ वाजले असतील. कारेलीबागेत सगळे अगाश्यांवर. कोणी पतंगाला कन्नी बांधतंय, कोणी पिपुड्या वाजवतंय. भक्ती चालली होती दीनानाथच्या टेनामेंटचे, म्हणजे बैठ्या घराचे, फोटो काढायला.

हा दीनानाथ राहायचा अलकापुरीत. कारेलीबागेतलं घर चार वर्षं बंद. बायको राजनंदिनी कोणाबरोबर तरी मुंबईला निघून गेली, असं तो सगळ्यांना सांगायचा. आता एक भाडेकरू मिळत होता, पण त्याला त्याच रात्री फोटो हवे होते. भक्ती म्हणाली, सकाळच्या उजेडात काढते, छान येतील. दीनानाथ ऐकेना. किल्ली देताना एवढंच म्हणाला,

"मागच्या खोलीचा नको. तिला कुलूप आहे. माझं सामान आहे तिथं."

भक्तीनं दार उघडलं, ते उघडंच ठेवलं. सगळे दिवे लावले. घर स्वच्छ होतं. बंद घराला येतो तसा कोंदट वासही नव्हता. हॉलचे तीन फोटो काढले, स्वयंपाकघराचे दोन, आणि तिथूनच दीनानाथला पाठवले.

लगेच फोन.

"भक्ती, कोणाला घेऊन गेलीयस?"

"कोणाला नाही. एकटीच आहे."

 

मग त्यानं हळूच विचारलं, "चेहरा दिसतोय का?"

"कोणाचा चेहरा, काका?"

फोन कट.

भक्तीनं फोटो उघडले. हॉल रिकामा. स्वयंपाकघर... ओट्याशी एक बाई उभी. पाठमोरी. मोरपंखी साडी, वर करडा स्वेटर.

भक्तीनं मान वर केली. ओट्याशी कोणी नव्हतं.

तिला वाटलं, फोनचंच काही बिनसलं असेल. पुन्हा काढला. स्क्रीनवर रिकामा ओटा दिसत होता. बटण दाबलं, फोटो उघडला. बाई आता ओट्याशी नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात होती. पाठमोरीच.

पुन्हा काढला.

हॉलमध्ये. भक्तीच्या पर्सजवळ.

पाठमोरी.

दार उघडं होतं. दहा पावलांवर रस्ता, वर अगाश्यांवर माणसं. धावत सुटली असती तर कोणी नावं ठेवली नसती. मी असतो तर पळालोच असतो, खोटं कशाला सांगू! ती निघालीही. उंबऱ्यापर्यंत गेली.

आणि थांबली.

मला म्हणाली, "काका, पळायचंच होतं. पण त्यांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. घरात बाई दिसली म्हणून ते दचकले नाहीत. मी एकटी आहे म्हटल्यावरही, मग ही बाई कोण म्हणून विचारलं नाही. चेहरा दिसतोय का, एवढंच. मग मलाही राग आला. म्हटलं, का दिसू नये?"

ती वळली. कोपर बरगड्यांशी घट्ट दाबले, फोन हलू नये म्हणून. आणि मोठ्यांदा बोलली. रिकाम्या खोलीत.

"ताई, पाठ करून उभ्या राहू नका. उजेडाकडे वळा. मी पळणार नाही."

बाहेरच्या पिपुड्या थांबल्या. निदान तिला तरी ऐकू येईनात.

"वळा, ताई."

मागच्या खोलीच्या दारामागे... काहीतरी सरकलं.

भक्तीनं बटण दाबलं.

बघितलं.

तिशीची बाई. कपाळ मोठं. डावी भुवई मधेच तुटलेली, जुन्या खोकेनं. नजर सरळ भक्तीकडे. हनुवटी वर.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दीनानाथ. हेल्मेटही काढलं नव्हतं.

भक्तीनं काय केलं असेल? कारेलीबागेतल्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. त्यावर तो फोटो टाकला. खाली लिहिलं, "या ताईंना कोणी ओळखतं का? मी आत्ता यांच्या घरात आहे." आणि दारात जाऊन उभी राहिली.

"फोन दे," दीनानाथ म्हणाला.

"नाही देणार."

"बेटा, ऐक. तो फोटो काढून टाक. तुझ्या बाबांना मी ओळखतो. उगाच तमाशा नको."

"गेला, काका. आता तो माझ्या एकटीच्या हातात नाही."

तो अंगावर यायला लागला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आणि भक्तीच्या खांद्यावरून त्याची नजर आत गेली...

तो तिथंच थांबला. 

"दार लाव," म्हणाला.

"नाही लावणार."

"भक्ती... दार लाव गं..."

तिनं मागं वळून बघितलं नाही. बाजूला मात्र सरकली, त्याला आतलं नीट दिसावं म्हणून. दीनानाथ पायरीवरच बसला. डोकं गुडघ्यांत घातलं.

समोरच्या अगाशीवरून एक गुजराती बाई ओरडली, "अरे, आ तो राजनंदिनीबेन छे!" तिच्या मराठी सुनेनं ग्रुपवरचा फोटो दाखवला होता तिला. मग माणसं खाली उतरली. कोणीतरी तोच फोटो वाडी भागात राहणाऱ्या राजनंदिनीच्या बहिणीला पाठवला. यशश्री तिचं नाव. चार वर्षं ती दारोदार सांगत होती, माझी बहीण अशी न सांगता जायची नाही. कोणी ऐकून घेत नव्हतं. रिक्षा करून आली ती. फोटो बघितला आणि म्हणाली, "हा स्वेटर मी विणलाय. ती नाहीशी झाली त्याच आठवड्यात दिला होता."

दुसऱ्या दिवशी आकाश पतंगांनी भरलेलं होतं, पतंग कापला की "काप्यो छे"च्या आरोळ्या चालू होत्या, आणि खाली पोलीस मागच्या खोलीची फरशी उचलत होते. काय निघालं ते मी सांगत नाही. यशश्रीनं स्वेटर ओळखला, एवढं पुरे.

दीनानाथ आत आहे. खटला चालू आहे. त्याच्याकडची माणसं भक्तीकडे दोनदा येऊन गेली. म्हणे, फोटो बनावट होता असं लिहून दे. तिनं त्यांना चहा दिला आणि फाटक दाखवलं.

फोन पोलिसांनी ठेवून घेतला होता. पावसाळ्यात परत मिळाला. ती गॅलरी चाळत होती, तर त्या रात्रीच्या फोटोंमध्ये एक जास्तीचा निघाला. भक्तीचाच. समोरून काढलेला. केस विस्कटलेले, घाबरलेली, पण डोळे असे रोखलेले की बघतच राहावं. मागं उघडं दार, रस्त्यावरचा दिवा. म्हणजे काढणारा मागच्या खोलीच्या बाजूला उभा.

जयसिंगराव म्हणाले, पुसून टाक तो, अभद्र आहे. तिनं तोच डीपीला लावला. आजही आहे. थांब सानवी, दाखवतो... हा बघ.

मोठा करून बघ. तिच्या दोन्ही हातांत काय धरलंय? तिचा फोन. ज्याच्यात हा फोटो सापडला, तोच.

आणि फोटो जराही हललेला नाही.