पाच लिटरचं खोटं

पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता आणि गाडी मात्र बंद पडली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मला कळेना.

देवळाली प्रवरा मागे पडलेलं, बेलापूर अजून पुढे. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे उसाच्या ट्रॉल्या, आणि मध्ये पप्पांची सव्वीस वर्षांची पांढरी गाडी. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मी किल्ली फिरवत होते आणि गाडी नुसती खोकत होती.

तेवढ्यात एक मोटरसायकल शेजारी थांबली. मागे दोरीनं बांधलेली बॅटरी, पुढे हिरव्या शर्टातला तरुण... उंच, सावळा, आणि इतका शांत की मला उगाचच त्याचा राग आला. मी काच खाली केली.

"पेट्रोल संपलंय, मॅडम."

"काटा बघा ना. अर्धी टाकी आहे!"

त्यानं काटा पाहिला. मग गाडीच्या मागे गेला आणि खाली बसला. "या इकडं. कान लावा."

"कुठे?"

"गाडीला. अजून कुठं?"

भर रस्त्यात, ट्रॉल्यांवर बसलेल्या ऊसतोड बायकांच्या देखत, मी गाडीच्या मागच्या अंगाला कान लावला. त्यानं गाडी दोन-तीनदा हलवली.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"तेच सांगतोय. पेट्रोल असतं तर डुचमळलं असतं."

त्याचा चेहरा गंभीर होता, पण डोळे हसत होते. मी पटकन उठले आणि ओढणी झटकली. तिला धूळ लागलेली नव्हती, तरीही झटकली.

गाडी कडेला ढकलून त्यानं आपल्या मोटरसायकलची नळी काढली आणि माझ्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल सोडलं. ती बाटली भरेपर्यंत मी त्याला निदान दहा प्रश्न विचारले. माझा स्वभावच तसा. राहुरीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, दिवसभर मातीला प्रश्न विचारते; माणूस तर निदान उत्तरं देतो.

"पण काटा खोटं का बोलतो?"

"काटा कशाला खोटं बोलंल? त्याला जेवढं कळतं तेवढं तो सांगतो. टाकीतून कोन तरी त्याला चुकीचं सांगतंय." त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "शनिवारी या. राहुरी फॅक्टरीच्या चौकात दुकान हाय, भिंगारदिवे ऑटो इलेक्ट्रिक. मी शमुवेल."

"मी एंजेला पारखे. बेलापूरची." आणि मग विनाकारण म्हणाले, "शनिवारी मला सुट्टीच असते."

*

शनिवारी त्यानं मागची सीट उचलली. खाली पत्र्याचं गोल झाकण, झाकणातून निघालेली वायर. मला त्यानं स्टिअरिंगपाशी बसवलं.

"किल्ली फिरवा. आता वायर काढली... काटा?"

"खाली गेला! एकदम खाली."

"आता वायर बॉडीला टेकवतो. आता?"

"वर चाललाय... वर... फुल्ल!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या चहावाल्यानं मान वर केली.

"मंजी मीटर चांगला, वायर बी चांगली. खोट टाकीत हाय."

किती सोपं! एकेक निर्दोष ठरवत जायचं, उरतो तो गुन्हेगार. आम्हीही प्रयोगशाळेत हेच करतो. मी उठून मागे गेले. "मला करून बघू द्या."

त्यानं वायर माझ्या हातात दिली. बोटांना बोटं लागली आणि मी हात मागे घेतला.

"करंट लागला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"न्हाईच लागत. लई कमी असतो." मग जरा थांबून, झाकणाकडे बघत, "मग हात का मागं घेतला?"

मी उगाच ओढणी सारखी केली. त्यानं झाकण उघडून टाकीतून एक वाकडी सळई बाहेर काढली. टोकाला एवढुसा फ्लोट. पेट्रोल चढलं की फ्लोट तरंगत वर जायचा, त्याच्याबरोबर सळई, आणि सळई सांगेल ते काटा दाखवणार. आमची सळई गंजून बरोबर मध्यावर अडकली होती. टाकीत काहीही असो, ती म्हणायची अर्धी.

"नवीन पार्ट लागंल," शमुवेल म्हणाला. "नगरला बघावा लागंल. पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी पार्ट मिळालेला नव्हता. पण चहा होता, 'आईनं पाठवल्या' म्हणत त्यानं पुढे केलेल्या भाजलेल्या शेंगा होत्या, आणि दुकानाच्या पायरीवर दोन तास गप्पा होत्या. त्यानं विचारलं, "काट्याचं एवढं काय घेऊन बसला? टाकी भरून ठिवायची, झालं."

"मला खरा आकडा कळायला हवा," एवढंच मी म्हणाले.

त्यामागचं त्याला सांगितलं नाही. एम.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेत होते तेव्हा मम्मी नगरला दवाखान्यात होती. रोज फोनवर सगळे म्हणायचे, बरी आहे, तू पेपर दे. पप्पा, आत्या, अगदी आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. मी पेपर देत राहिले. शेवटचा पेपर देऊन पोचले, तर मम्मीला बोलता येत नव्हतं; ते शेवटपर्यंत आलंच नाही. माझ्या भल्यासाठी खोटं बोलले सगळे. तेव्हापासून मी ठरवलंय, आयुष्यात जो माणूस येईल तो काळा असो, गोरा असो, गरीब असो, पण माझ्या भल्यासाठी मला खोटं सांगणारा नको.

आणि पायरीवर शेंगा सोलता सोलता हा माणूस मला आवडायला लागला होता. म्हणूनच जरा भीती वाटत होती.

*

तिसऱ्या शनिवारी पार्ट बसला. काटा हलायला लागला. मी खूश!

पण टाकी काठोकाठ भरली की काटा पाऊणवर थांबायचा. मला राहवेना. बुधवारी अंगणात टाकी पूर्ण रिकामी केली आणि लिटरच्या मापानं एकेक लिटर पेट्रोल ओतत काट्याची जागा वहीत टिपत गेले. पप्पा ओट्यावरून म्हणाले, "एंजू, गाडी आहे ती, माती नव्हे."

पाच लिटर जाईपर्यंत काटा शून्यावरून हललाच नाही. पुढेही तसंच, जितकं पेट्रोल असेल त्याहून पाच लिटर कमी दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पाचच.

बिघाड असा शिस्तीत वागत नाही. एकदा तीन चुकेल, एकदा सात. दर वेळी बरोबर पाच चुकत असेल, तर त्यामागे कुणाचा तरी हात असतो.

मी सीट उचलली, झाकण उघडलं. सळई नवी कोरी होती, पण मध्येच वाकवलेली, आणि वाकवलेल्या जागी पकडीचे ताजे ओरखडे. बराच वेळ मी ती तशीच हातात धरून बसले.

शनिवारी सळई त्याच्या टेबलावर ठेवली. "कुणी वाकवली?"

त्यानं सळईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच."

"का?"

"तुमी त्या दिवशी ट्रॉल्यांच्या मधी एकट्या हुत्या. मागचा ट्रॅक्टरवाला काय काय बोलत हुता, तुमी काचा लावल्या हुत्या म्हनून ऐकलं न्हाई. मी ऐकलं." तो सावकाश बोलत होता. "मंग वाटलं, काटा शून्यावर आला तरी पाच लिटर शिल्लक ऱ्हावं. तुमी परत रस्त्यात थांबू नये."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तुमी सरळ करायला लावली असती."

"हो, लावली असती! कारण गाडी मी चालवते!" आणि मग मी त्याला मम्मीचं सगळं सांगितलं. दवाखाना, फोन, शेवटचा पेपर. चौकातून ट्रक जात होते, चहावाला आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता, आणि मी रडत होते.

त्यानं समजूत घातली नाही. 'माझा हेतू चांगला होता' असंही म्हणाला नाही. उठला, पक्कड घेतली, सळई माझ्यासमोर धरून सरळ केली. "बघा. नीट झाली का?"

मी मान डोलावली. त्यानं ती टाकीत बसवली, वायर जोडली. मी किल्ली घेऊन गाडीत बसले. संपलं, असं मनाशी म्हणत होते... आणि ते म्हणवत नव्हतं.

"मॅडम, थांबा." तो खिडकीशी आला. कान लाल झालेले. "अजून बी हायत."

"काय?"

"खोटं. एकदाच सांगून टाकतो. नवीन पार्ट लागतच नव्हता. जुनी सळई घासली असती तर पयल्याच शनिवारी चालली असती."

"काय?!"

"नगरला मी गेलोच न्हाई. पार्ट दुकानातच हुता, त्या डब्यात. आन्..." त्यानं मान खाली घातली. "शेंगा आईनं पाठवल्या, असं म्हनलो हुतो. त्या मीच भाजल्या. दोन डाव करपल्या, तिसऱ्यांदा जमल्या."

मला हसू येत होतं आणि रडूही थांबलं नव्हतं. दोन्ही एकदम करताना चेहऱ्याचं काय होत असेल, देव जाणे. "आणि हे सगळं कशासाठी?"

"तुमी मला लई आवडता म्हनून." हे मात्र त्यानं सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. "हे खरं हाय. तुमाला राग आला तर जावा, मी न्हाई आडवनार. पन हितून पुढं तुमच्यापासून काय लपवनार न्हाई. मग ते तुमच्या भल्याचं असो नायतर वाईटाचं."

मी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर बोट फिरवत बसले. एवढ्या लोकांनी मला माझ्या भल्यासाठी फसवलं, पण पकडीत सापडल्यावर उरलेलं आपणहून सांगणारा हा पहिलाच. शिवाय माझ्याच्यानं गप्प बसवेना, कारण इतका वेळ खऱ्या-खोट्यावर भाषण देणाऱ्या बाईच्या पदरातही एक होतंच.

"शमुवेल..."

"बोला."

"मला पण एक सांगायचंय. पप्पांना काळजी वाटू नये म्हणून मी घरी सांगितलंय, की गाडीचे मेकॅनिक साठीचे आहेत. फार प्रेमळ गृहस्थ. तीन नातवंडं आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग इतका मोठ्यानं हसला की चहावाल्याचा सगळा संयम संपला आणि तो सरळ उठून आमच्याकडे बघायला लागला.

"मंग आता काय करायचं?" शमुवेलनं विचारलं.

"आता उद्या उपासनेनंतर घरी या," मी म्हणाले, "आणि नातवंडं आणू नका."