सई बाद झाली

मैदानावर आखलेल्या रेषेच्या आत मी चुकून उभी राहिले, आणि ‘कबड्डी-कबड्डी’ करत आलेल्या एका उंच मुलाची बोटं माझ्या खांद्याला लागली. तो उलटा पळत आपल्या बाजूला पोचला आणि शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाद. कडेला बसा.”

चेहरा इतका गंभीर, की मी खरंच जाऊन बसले.

तो संदीप. दिवसा मोरिवलीच्या कारखान्यात, संध्याकाळी शेजारच्या बुवापाडा वस्तीतल्या पोरांना कबड्डी शिकवायला इथं. मी सई, समाजकार्य शिकणारी. मैदान आमच्या सोसायटीचं. चोऱ्या होतात आणि संशय या पोरांवर, म्हणून मैदानाला कुलूप लावायचं घाटत होतं. कबड्डीमुळे चोऱ्या कमी झाल्या का, हे आठवडाभर येऊन बघायचं आणि रविवारी सोसायटीच्या सभेत सांगायचं काम माझं होतं.

प्रश्न विचारायची मला खोडच आहे.

“इथं येऊन पोरं चोरी सोडतात?”

“दमतात, मॅडम. घरी जाऊन झोपतात.”

“बस, एवढंच?”

“इथं त्यांची कोणतरी वाट बघतं ना...” तो थांबला. “तुमची पण बघतो आम्ही.”

“आम्ही म्हणजे कोण?”

त्यानं शिट्टी वाजवली आणि पोरांकडे पळाला.

चोऱ्या कमी झाल्या होत्या. पण कबड्डी सुरू झाली तेव्हाच गल्लीत दिवे आणि कॅमेरेही आले होते. मग श्रेय कुणाचं? शनिवारी मी त्याला हे सांगितलं. दिव्यांबद्दल गप्प बसले असते तर मैदान वाचलं असतं, आणि मला ते वाचवायचं होतं — त्याच्यासाठी.

“जे हाय ते सांगा,” तो म्हणाला. “हात लागला नाय तरी पॉइंट मागायचा, असं मी पोरांना शिकवत नाय.”

तिथंच मी त्याच्या प्रेमात पडले.

सभेत मी दिवे, कॅमेरे, सगळं सांगितलं. “नक्की कशामुळे, मला माहीत नाही. कळायला हवं असेल तर मैदान अजून वर्षभर उघडं ठेवा. मी रोज जाऊन बघेन.”

“रोज?” सेक्रेटरी चिंतामणीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“रोज.”

काका मिशीत हसले. वर्ष मिळालं.

मैदानावर बातमी सांगितली, पोरांनी गलका केला, आणि मी सवयीनं कडेला जाऊन बसले.

“अजून बादच?” संदीप जवळ आला.

“तुम्हीच केलंत. माझा प्रश्न राहिलाय. वाट बघणारे आम्ही म्हणजे कोण?”

त्यानं एकदा पोरांकडे पाहिलं. “मी... मी एकटाच.”

त्यानं हात पुढे केला. मी तो धरला आणि रेषेच्या आत आले. वर्षभर बघायचं कबूल केलं होतं, सुरुवात तर करायला हवी.