एकदा वाजलं तर हो

दार आतून उघडेना, आणि बाहेर कुणीतरी जिना चढत होतं.

तिनं कडी काढून पाहिली, मूठ धरून ओढलं, मग चौकटीला पाय लावून ओढलं... दार ढिम्म हललं नाही. पावसानं नुसती झड लावली होती आणि लाकूड पाणी पिऊन टम्म फुगलं होतं. जिन्यावर ठेवलेला पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा भिजू नये म्हणून ती उठली, तर ही पंचाईत. हाक मारली असती तर जिन्यावरचा माणूस धावून आला असता. पण हाक मारणार कशी? खिडकीत मेणबत्ती जळत होती ना.

तिचा नेमच होता तो. दिवसभर शिवणयंत्राची खडखड आणि गिऱ्हाइकांची घाई. पण संध्याकाळी बोटाएवढी बारीक मेणबत्ती लावायची आणि ती विझेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तेवढा वेळ देवाचा. त्यात खाडा नाही.

तिनं आतून दारावर बोटं वाजवली. टक टक.

पावलं थांबली. "कोण आहे आत?" पुरुषाचा आवाज. जरा हसरा.

टक टक.

"अडकलात का? बोलता येत नाहीये? ... बरं, असं करू. हो असेल तर एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा. कडी काढलीय?"

टक.

"दार वरून अडलंय?"

टक टक.

"म्हणजे खालून. आता घाबरायचं नाही, दारापासून लांब व्हायचं. मी सुतार आहे, दारं माझं ऐकतात." जरा थांबून म्हणाला, "लांब झालात?"

आता लांब होऊन वाजवणार कशी? तिला हसू फुटलं. तोंडावर हात दाबून ती पुढे आली, एकदा वाजवलं आणि पळत मागं सरली.

धाडकन दार उघडलं. त्याच्याबरोबर वारा आत शिरला आणि खिडकीतली मेणबत्ती विझली.

"खांदा दुखावला का हो?" ती पटकन म्हणाली.

तो बघतच राहिला. केसांतून पाणी निथळत होतं, हातात अवजारांची पिशवी होती. "तुम्हाला... बोलता येतं?"

"मेणबत्ती विझली की येतं."

त्यानं खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कारण न विचारताच मान डोलावली. ते तिला फार आवडलं.

निघाला होता तो वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या कपाटाचा खण दुरुस्त करायला. पण आधी त्यानं हे दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, जिन्याच्या चौकात, फळ्या टेकवायच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि खालच्या कडेवर रंधा मारू लागला. पांढऱ्या ढलप्या उडायला लागल्या, ओल्या लाकडाचा वास सुटला. ती चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा कुठे? दारावरच ठेवला.

"पहिल्यांदाच दारावर चहा पितेय," ती म्हणाली.

"सवय होईल," तो म्हणाला... आणि स्वतःच लाल झाला.

आजोबांच्या खणाचं काम काही केल्या संपेना.

"एवढ्याशा खणाला एवढा वेळ?" एकदा तिनं विचारलं.

"लाकूड हट्टी आहे."

"लाकूड की सुतारबुवा?"

"तुम्ही कमी बोलता म्हणे, मौनीबाई."

"मेणबत्ती लावू का?"

"नको नको... बोला!"

पण खरं बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं नेमकी मेणबत्तीचीच वेळ गाठली. दार नुकतंच लावून ती खिडकीत बसली होती. बाहेरून आवाज आला, "तोंडावर विचारायचा धीर नाही, म्हणून दारातून विचारतो. माझ्याशी लग्न कराल? एकदा किंवा दोनदा... तुम्ही म्हणाल तसं."

टक.

 दुसरा टक येतोय की काय म्हणून तो श्वास रोखून उभा होता. आत ती दाराला पाठ टेकून, ओठ मिटून खुदुखुदु हसत होती. मेणबत्ती विझेपर्यंत तो तिथून हलला नाही.

लग्नानंतर तो तिच्या या दोन खोल्यांतच राहायला आला.

त्यांचा पहिला नाताळ मात्र रस्त्यातच गेला. सकाळी त्याच्या आईकडे, दुपारी तिच्या आईकडे, संध्याकाळी पुन्हा सासूबाईंकडे. सासूबाई म्हणाल्या, "जेवून आलात वाटतं." आई म्हणाली, "इतक्यात निघालात?" दोन्हीकडे पोटाला तडस लागेस्तोवर जेवूनही दोघींची मनं राखता आली नाहीत. परतताना दारात कुलूप उघडता उघडता तिनं पाहिलं... आपल्याच घरात सणाचा दिवा लागला नव्हता.

म्हणून यंदा तिनंच सासूबाईंसमोर विषय काढला. आवाज चढवणं तिला कधी जमलं नव्हतं, हळूच पण नीट म्हणाली, "यंदा नाताळ आमच्याकडे. तुम्ही दोघं, आणि माझे आईबाबा. सगळे एकाच टेबलाशी."

सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. "त्या दोन खोल्यांत? अगं, तुमच्याकडे टेबल तरी आहे का?"

"तुमचा मुलगा सुतार आहे, आई."

सासरे खोकल्याआड हसले. सासूबाई मात्र कच्च्या नव्हत्या. "करून बघा. पण फजिती झाली तर दरवर्षी मुकाट्यानं इकडेच यायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि जिन्यावरून उतरताना त्यानं तिचा हात घट्ट धरला. "पैज लावून आलीस? माझ्या आईशी?"

"तुझ्या हातावर लावलीय."

आता त्या हातानं काय केलं ते ऐका. कारखान्यात काम आटोपल्यावर मागं थांबून त्यानं सुरेख टेबल घडवलं. खोलीच्या मापाला अगदी तंतोतंत. सांध्यांत सरस भरून पाय असे पक्के केले की हत्ती नाचला तरी हलू नयेत. नाताळच्या सकाळी ते हातगाडीवरून आलं, जिना चढलं... आणि वळणावर रुतलं. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. छे!

"खोलीचं माप घेतलंस," ती वरच्या पायरीवरून म्हणाली, "जिन्याचं?"

तो घाम पुसत राहिला. "माप घेत होतो तेव्हा तू समोर केस विंचरत बसली होतीस. खोलीचं घेतलं हेच नशीब."

तिला हसूही आलं आणि रडूही. ओव्हनमध्ये कोंबडी खरपूस होत होती, सूप उकळत होतं, खिडकीत त्यानं केलेला लाकडी तारा डुलत होता. पाहुणे आता येतीलच.

टेबल खाली जिन्याशी ठेवून तो वर आला आणि पायरीवर मटकन बसला. "आईकडेच जाऊ या का? पैज हरलो म्हणू... माझीच चूक आहे."

ती त्याच्याशेजारी बसली.  तिची नजर समोर गेली, आपल्याच दारावर. खालची कडा अजून जरा उजळ दिसत होती. त्याच्या रंध्यानं उजळलेली.

"आपला पहिला चहा कशावर झाला?" तिनं विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते हसू पसरलं...

"बिजागऱ्या काढ, सुतारबुवा," ती म्हणाली. "पाहुणे यायच्या आत."

सासूबाई केकचा डबा सांभाळत वर पोहोचल्या तेव्हा घराला दार नव्हतं. खोलीच्या मधोमध घोड्यांवर ते आडवं झालं होतं, त्यावर जाड निळ्या पडद्याचं कापड अंथरलं होतं, आणि एका कडेला कापडाखालून कडी उंचवट्यासारखी वर आली होती.

"अगं बाई! दार कुठे गेलं?"

"त्याच्यावरच जेवायचंय," सासरे म्हणाले आणि आधी खुर्ची पकडली.

"गारठा येईल गं," तिच्या आईला काळजी.

तिनं प्रत्येकाच्या मांडीवर अस्तराच्या कापडाचे उबदार तुकडे पसरले. "येऊ दे ना, आई. जगातल्या पहिल्या नाताळला देवबाळाच्या आईबाबांना सगळी दारं बंद मिळाली होती. आपलं आज उघडं राहू दे."

सूप वाढून होतंय तोच जिन्यावर काठी वाजली. वरचे आजोबा. एकटे राहायचे, किती बोलावलं तरी "कुणाच्या सणावाराला दार वाजवणं मला जमत नाही" म्हणून टाळायचे. दाराच्या मोकळ्या जागेत ते थबकले. वाजवायला हात उचलला... आणि तसाच राहिला.

"दारच नाही. वाजवू कशावर?"

"या इथे, याच्यावर वाजवा," तो टेबलावर थाप मारत म्हणाला आणि खुर्ची सरकवली. आजोबा आले, बसले, आणि खरंच कापडावर हळूच बोटं वाजवली. सासूबाईंनी स्वतःच्या ताटातला भाजलेला बटाटा त्यांच्या ताटात वाढला.

अंधारून आलं तशी ती उठली. खिडकीत मेणबत्ती लावली आणि जागेवर येऊन बसली. नेम तिचा एकटीचा होता, बाकीच्यांना बोलायची मोकळीक होती. तरी एकेकाचं बोलणं आपोआप थांबलं. बाहेरून वाऱ्याची झुळूक आली. ज्योत वाकली, आता विझणार... तोच सासूबाई लगबगीनं उठल्या आणि त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. ज्योत पुन्हा सरळ झाली.

पण गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हात न हलवता त्या खिडकीशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "सूनबाई, पुढच्या वर्षीही दार असंच काढणार का गं?"

टक.

"बरं बाई, हरले मी. केक माझा असेल पण."

टक.

तो तिच्याकडे वाकला. डोळ्यांत खोडकरपणा. "मौनीबाई, मग खाली पडलेल्या त्या टेबलाचं काय करू? पुढच्या वर्षीही माणसं एवढीच ना?"

तिनं खाली पाहिलं. गालांवर मेणबत्तीचा उजेड होता की काय कोण जाणे.

टक टक.

"नाही? ... कमी?"

टक टक.

"मग जास्त? आणखी कुणाला बोलावलंयस?"

टक.

त्याला काही उमगेना. आजोबा मिशीत हसले, तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. सासूबाईंनी मात्र तळवे ज्योतीवरून ढळू दिले नाहीत.

"अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "त्या टेबलाचं लाकूड मोडून पाळणा कर पाळणा! आणि या वेळी जिन्याचं माप घे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं.  मग त्यानं हात पुढे केला आणि तिच्या बोटांशेजारी, त्या जुन्या दारावर, अगदी हलकेच वाजवलं.

एकदा.